शिशाऐवजी काय? आधी हरवणारं वजन बदला

प्रश्न धुळ्याहून आला आहे. विचारणारे दोन वर्षांपासून फ्लाय फिशिंग करतात, म्हणजे गळावर दोरा आणि फर बांधून केलेला नकली किडा, ‘फ्लाय’, टाकून मासे धरतात. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या फुगवट्यावर चिलापी आणि रोहूसाठी जातात, एरवी गिरणेच्या डोहांवर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ‘वजनाला शिसं लावणं सोडायचं ठरवलंय. टंगस्टन परवडत नाही, पितळ हलकं वाटतं आणि कथिलाचे छर्रे आणले तर ते खाली जायचं नावच घेत नाहीत. मग नेमकं घेऊ काय?’

भाऊ, कथिलापासूनच सुरू करतो. तुमची तक्रार खरी आहे, पण त्यात कथिलाचा दोष नाही. शिशाची ज्या आकाराची गोळी लावायचात त्याच आकाराची कथिलाची घेतली असणार. शिशाची घनता ११.३, कथिलाची ७.३, पाण्याची १. पाण्यात प्रत्येकाचा एकेक आकडा कमी होतो, म्हणजे उरले १०.३ आणि ६.३. तेवढीच दिसणारी गोळी पाण्यात साठ टक्केच ओढते, मग ती खाली जाईल कशी? आता आकार सोडा आणि ग्रॅम धरा. शिशाची १ ग्रॅमची गोळी पाण्यात ०.९१ ग्रॅम भरते, कथिलाची १ ग्रॅमची ०.८६. फरक जेमतेम पाच टक्के. तेवढी ओढ मिळायला कथिलाच्या गोळीचा व्यास १८ टक्के मोठा लागतो, म्हणजे ४ मिलिमीटरच्या जागी पावणेपाच. डोळ्याला हा फरक मोठा दिसतो, रोहूला दिसत नाही. दुकानात नंबर विचारू नका, वजन विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर दहा गोळ्या काट्यावर टाकून दहाने भागा.

मी हे इतक्या ठामपणे बोलतो त्याचं कारण माझा धंदा. जळगावच्या एमआयडीसीत माझं लेथचं शेड आहे, अठ्ठावीस वर्षं पितळ आणि लोखंड कातत आलो. गळ त्याआधीपासून, वाघूरच्या काठावर शाळा बुडवून टाकायचो. तेव्हा तंगुसाला लावायची शिशाची गोळी आम्ही दाताने दाबायचो. एका हातात काठी, दुसऱ्यात तंगूस, पक्कड कुणाकडे होती? एक म्हातारे भोई शेजारी जाळं विणत बसायचे. त्यांनी एकदा विचारलं होतं, ‘काय भो, शिसं चावून राह्यला का?’ मी हसलो. फ्लायचं वेड लागल्यावरही पुढे कितीतरी वर्षं तेच केलं. शिशाची शरीरात चालून जाईल अशी सुरक्षित पातळी कुठलीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते सर्वांत वाईट. तुमच्यासोबत पोरगं येत असेल तर पक्ष्यांआधी त्याच्यासाठी शिसं सोडा.

पक्ष्यांचंही सांगतो, कारण कुठलं वजन आधी बदलायचं हे त्यावरूनच ठरतं. कोंबडी कापताना पोटातून खड्यांची जाड पिशवी निघते ना, तशीच बदकालाही असते. दात नाहीत म्हणून खडे गिळून त्यांच्यावर दाणा दळायचा. हतनूरचा फुगवटा तापी-पूर्णेच्या संगमावर, चांगदेवाच्या देवळापर्यंत पसरतो. हिवाळ्यात तिथे चक्रवाक आणि हळदी-कुंकू बदकं येतात. बदक उथळ चिखलात बुड वर करून चोच फिरवतं, त्याला खडा आणि छर्रा यांत काय कळणार? गिळलेलं शिसं त्या जात्यात घासतं, पोटातल्या आम्लात विरघळतं आणि रक्तात उतरतं. पक्ष्याचे स्नायू लुळे पडतात आणि पोटात अन्न असूनही तो उपाशी मरतो. एखाद-दुसरी गोळीही पुरते. इंग्लंडमध्ये हंस असे मरू लागले म्हणून तिथे १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांची विक्री बंद झाली. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत १९९७ पासून ५० ग्रॅमच्या आतलं शिसं चालत नाही. दोन्हीकडे रोख गिळता येईल एवढ्या वजनांवर आहे, पावशेराच्या लगडीवर नाही.

म्हणून माझा क्रम असा आहे: जे सर्वांत जास्त हरवतं आणि जे सर्वांत लहान आहे, ते आधी बदला. एका हंगामात तुमच्या डबीतून काय काय कमी झालं ते आठवा. दोऱ्यावर दाबलेले छर्रे गेले असतील, डझनांनी. वजनासाठी तोंडाशी धातूचा मणी लावलेल्या फ्लाय त्याहून कमी. फ्लायच्या अंगात गुंडाळलेली शिशाची तार फ्लायबरोबरच जाते, तीही कमी. लोक मात्र उलट करतात. टंगस्टनचे महागडे मणी आणून दहा फ्लाय बांधतात, फोटो काढतात, आणि खिशात छर्ऱ्यांची डबी शिशाचीच असते.

छर्ऱ्यांना कथील. इथे दुसरा पर्याय शोधत बसू नका. बिस्मथची घनता ९.८, म्हणजे शिशाच्या जवळची, पण नुसतं बिस्मथ ठिसूळ असतं, पकडीत दाबलं की फुटतं. पोलादाचे छर्रे दाबले जात नाहीत आणि गंजतात. जस्ताचं नाव कुणी काढलं तर हात जोडा. ते पाणपक्ष्यांना विषारीच आहे, म्हणजे एक विष काढून दुसरं टाकल्यासारखं. कथिलाचं एवढंच की ते शिशाइतकं मऊ नाही. शिशाची गोळी पुनःपुन्हा उघडून वापरायची सवय असेल तर ती मोडावी लागेल, कथिलाची गोळी दुसऱ्यांदा उघडताना तडकते. दाबताना टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा शेवटचा बारीक दोरा, ओलं करा, पक्कड हलकी धरा आणि गोळीच्या खाली एक साधी गाठ मारून ठेवा. ती गाठ गोळीला घसरू देत नाही, मग गोळी जीव खाऊन आवळायची गरज उरत नाही.

कथील घरी ओतायचं असेल तर मोह योग्य आहे. ते २३२ अंशांना वितळतं, शिशाला ३२७ लागतात. कल्हईवाला नवसागराचा धूर काढत पातेलं चमकवतो ते हेच कथील. पण इथे मी स्वतः फसलो आहे. एका दुकानातून ‘रांगा’ (बाजारात कथिलाचं नाव) म्हणून कांड्या आणल्या, साचा लेथवर कातलेला होता, दोन डझन गोळ्या ओतल्या आणि खुशीत मित्रांना वाटल्याही. आठवड्याने सहज एक उरलेली कांडी तपासली. सराफाकडे असतो तसा छोटा काटा माझ्याकडे आहे, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. कांडीचा तुकडा बरोबर ५० ग्रॅमचा केला. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य केला, तुकडा दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवला, पण तळाला आणि कडेला टेकू दिला नाही. काट्यावर जो आकडा येतो तो तुकड्याचं आकारमान, घनसेंटिमीटरमध्ये. शुद्ध कथील असतं तर ६.८५ यायला हवे होते. आले ५.९. पन्नासला ५.९ ने भागलं की साडेआठ. ते रेडिओवाल्यांचं जुनं ६०-४० सोल्डर होतं, साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं. वाटलेल्या गोळ्या फोन करून परत मागवल्या. दुकानदाराने फसवलं असंही म्हणता येत नाही, बाजारात सोल्डरलाही रांगाच म्हणतात. सोल्डर घ्यायचंच तर पाकिटावर शिसेविरहित लिहिलेलं घ्या, ९९.३ टक्के कथील आणि ०.७ टक्के तांबं.

काटा नसेल तर कान आहे. शुद्ध कथिलाची कांडी कानाजवळ धरून वाकवा, आतून कर्र कर्र असा आवाज येतो. शिसं मुकाट वाकतं आणि कागदावर ओढलं तर पेन्सिलीसारखी करडी रेघ सोडते. ओतताना साचा कोरडा आणि थोडा गरम हवा. पाण्याचा एक थेंब आत राहिला तर वाफ होऊन धातू तोंडावर उडतो. चष्मा लावा, उघड्यावर करा, आणि ज्या पळीत कधीकाळी शिसं वितळवलं ती पळी वापरू नका.

आता तार. विकत मिळणारी शिसेविरहित तार मला आवडत नाही, वळताना तुटते. त्याहून चांगला माल आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात पडून आहे, मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे. तांब्याची घनता ९ च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच जाडीच्या शिशाच्या तारेच्या पाऊणपट ओढ मिळते. फक्त सबमर्सिबलची तार मागू नका, तिच्यावर प्लॅस्टिकचं आवरण असतं आणि ते पाण्यात हलकं पडतं. पंख्याची किंवा मोनोब्लॉक पंपाची इनॅमल तार मागा, नवीन रिळाचे उरलेले तुकडे, जळालेल्या वाइंडिंगची नको. इनॅमल खरवडूही नका. पाण्यात विरघळलेलं तांबं माशांना चांगलं नाही, वरचा तो थर आणि त्यावरचा दोरा असू द्या. १२ नंबरच्या गळावर २६ गेजच्या तारेचे पंधरा वेढे घेतले की २.८ मिलिमीटरच्या पितळी मण्याइतकं वजन होतं. वजन तोंडाशी न राहता अंगभर पसरतं, त्यामुळे अशी फ्लाय नाक खाली न करता आडवी बुडते. चिलापीला हे आडवं, सावकाश बुडणं फार आवडतं, निदान हतनूरच्या चिलापीला.

मण्यांवर आलो. पितळ की टंगस्टन, हा वाद लोक पैशांवर घालतात. खरं उत्तर पाणी वाहतंय की साचलंय यावर आहे. साचलेल्या पाण्यात वेळ फुकट असतो. काठापासून तीन-चार फूट खोलीवर फ्लाय टाकली आणि दहा आकडे मोजत थांबलात तर पितळही तळाला जातं, मासा काही गाडी पकडायला निघालेला नसतो. उलट टंगस्टनचा मणी गाळात रुतून बसतो आणि फ्लाय शेवाळ घेऊन वर येते. म्हणून हतनूरला पितळ आणि तांब्याची तार, बस. गिरणेचं आवर्तन सुटलेलं असेल, पाणी धावत असेल आणि डोहाच्या तोंडाशी दोन सेकंदांत फ्लाय खाली पोचवायची असेल, तेव्हा टंगस्टन काढा. तिथे त्याला जोड नाही.

किती फरक पडतो? शुद्ध टंगस्टन १९.२५, मण्यांच्या मिश्रधातूचं १७ ते १८ धरा. पितळ साडेआठ. पाण्यातली ओढ पाहिली तर ३ मिलिमीटरचा टंगस्टनचा मणी ४ मिलिमीटरच्या पितळी मण्याच्या तोडीचा होतो, आणि लहान असल्यामुळे पाणी त्याला अडवतही कमी. एकाच मापाचे दोन नुसते मणी एकत्र सोडले तर टंगस्टन तळाला टेकतं तेव्हा पितळाचा दोन-तृतीयांश रस्ता झालेला असतो. मी हे पाइपमध्ये करून बघतो. जळगावात पाइपला तोटा नाही. पाच फुटांचा पारदर्शक तुकडा, एका टोकाला बूच, पाणी भरून भिंतीला टेकवायचा. नवी फ्लाय बांधली की आधी पाइपात. बहुतेकांना पहिला धक्का असा बसतो की जड मण्याची पण केसाळ, जाडजूड फ्लाय हलक्या मण्याच्या बारीक फ्लायच्या मागे राहते. मग वजन वाढवण्याआधी फ्लाय बारीक करा. फर कमी, दोरा कमी, वरून वार्निशचा हात. टिपेटही साध्या नायलॉनऐवजी बारीक फ्लोरोकार्बनचं घ्या. नायलॉनची घनता १.१४, फ्लोरोकार्बनची १.७८, ते स्वतःच बुडतं. एवढं केलं की निम्म्या वेळा छर्रा लावावाच लागत नाही, आणि न लावलेला छर्रा हरवत नाही.

स्वस्त ‘टंगस्टन’ मण्यांत पितळ निघतं. वरचीच पेल्याची चाचणी करा: १० ग्रॅम मणी दोऱ्यात ओवून, पाण्यात साबणाचा थेंब टाकून, भोकांतली हवा झटकून बुडवा. आकडा ०.६ च्या आसपास आला तर टंगस्टन, १.२ च्या आसपास आला तर पितळ. गंमत अशी की आपल्या सराफ बाजारात हीच चाचणी टंगस्टनपुढे हरते. सोनं १९.३ आणि टंगस्टन १९.२५, त्यामुळे पोटात टंगस्टन भरलेलं बिस्किट पाण्यात तोललं तरी बोलत नाही. सोनार ज्याला घाबरतो तोच धातू आपण चिलापीच्या नाकावर बांधतो.

पितळाबद्दल एक गोष्ट लेथवाला म्हणून सांगायलाच हवी, ती तुम्हाला मण्यांच्या पाकिटावर सापडणार नाही. कातकामाला जे पितळ येतं, ज्याला आम्ही फ्री कटिंग म्हणतो, त्यात साधारण २ ते ३.५ टक्के शिसं मुद्दाम घातलेलं असतं. त्यामुळेच त्याचा चुरा सुटा पडतो आणि हत्यार चालतं. मणी कातूनच बनतात. तेव्हा ‘पितळ म्हणजे शिसेमुक्त’ हे कागदावरच खरं. मी म्हणून पितळ सोडलं का? नाही. सबंध शिशाच्या गोळीपुढे हे प्रमाण किरकोळ आहे, आणि मणी गळासकट हरवतो, सुटा पडत नाही. पण कुणी शंभर टक्के शिसेमुक्त म्हणून पितळ विकत असेल तर भुवई उंच करा. ज्यांना ते तीन टक्केही नको असतील त्यांनी छोट्या फ्लायला काचेचा मणी लावावा. तो जवळजवळ बिनवजनाचा, पण दोन फूट पाण्यात चमक पुरते.

मापं सांगून टाकतो, मला रोजच्या वापरात बसलेली: १६ नंबरच्या गळाला २.५ मिलिमीटर, १४ ला २.८ किंवा ३, १२ ला ३.३, १० ला ३.८ ते ४. जड मणी फेकताना दोरीचा घेर मोठा ठेवा. टंगस्टनचा मणी कार्बनच्या रॉडला एकदा लागला तर तिथे ओरखडा दिसतही नाही, आणि दोन महिन्यांनी मासा ओढताना रॉड तिथेच मोडतो. माझा मोडला आहे. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी, त्यात लाज कसली.

तापी-गिरणेचा तळ काळ्या खडकाचा, फटींचा. हरवण्याचं खरं ठिकाण तेच. तिथे छर्रा फ्लायच्या वर लावू नका. टिपेटच्या गाठीचं एक टोक चार-पाच इंच लांब सोडा, त्याला मुख्य टिपेटहून बारीक तुकडा जोडा, शेवटी साधी गाठ आणि त्याच्या वर छर्रा. छर्रा फटीत अडकला आणि तुम्ही ओढलं की तो गाठीवरून निसटतो किंवा तेवढा तुकडा तुटतो, फ्लाय परत येते. हे केल्यावर माझ्या फ्लाय हरवणं निम्म्यावर आलं. छर्रे मात्र जातच राहिले, म्हणून ते कथिलाचेच हवेत.

टंगस्टनची पुट्टी मिळते, पिठाच्या गोळीसारखी दोऱ्यावर चोळायची. सुंदर वस्तू, पण आपल्या हवेची नाही. मे महिन्यात ती खिशातच लोण्यासारखी होते आणि दोऱ्यावरून घसरते. धुळ्यात डिसेंबरच्या पहाटे पारा सहा-सातवर असताना दगड होते, काखेत धरून मऊ करावी लागते. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत वापरा.

तळाला टेकवायचं मोठं वजन लागत असेल, म्हणजे फ्लाय बाजूला ठेवून कधी शिंगाडा माशासाठी बसलात, तर धातू विकतच घेऊ नका. ३० ग्रॅम शिशाचं काम आपल्या काळ्या पाषाणाचा ४२ ग्रॅमचा गोटा करतो. जुन्या जाळ्याच्या तुकड्यात बांधायचा, बारीक तंगुसाने लटकवायचा. अडकला तर नदीचा दगड नदीत राहिला.

आणि जाल तिथे आधी विचारा. धरणांवर मासेमारीचा ठेका बहुधा मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे असतो, त्यांच्याशी बोललं की अडत नाही. यावल आणि अनेर अभयारण्याच्या हद्दीत मात्र गळ पिशवीतून काढूच नका.

घरातलं जुनं शिसं नदीत, कचऱ्यात किंवा पोरांच्या खेळण्यांत जाऊ देऊ नका. जुन्या बॅटऱ्या घेणारा ते वजनावर घेतो. माझं पावणेदोन किलो निघालं होतं, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांवर अजून दातांच्या खुणा होत्या. आलेल्या पैशांत कथिलाची एक कांडी आली. ती दुकानातच कानाशी धरून वाकवली, दुकानदार बघतच राहिला.